पहिलीचं गणित : पालक आणि शिक्षक वारंवार विचारतात ते प्रश्न

पहिलीत गणिताचं नेमकं काय शिकायचं असतं?

वस्तू मोजणं, संख्या वाचणं-लिहिणं, लहान-मोठी संख्या ओळखणं, चढता-उतरता क्रम, दशक आणि एकक, २० पर्यंतच्या बेरजा-वजाबाक्या, सोपी शाब्दिक उदाहरणं. शिवाय आकार, आकृतिबंध, लांबी आणि वजनाची तुलना, वार-महिने आणि घड्याळाची तोंडओळख. संख्यावाचन कुठे ५० पर्यंत असतं, कुठे ९९ किंवा १०० पर्यंत. हा फरक फारसा महत्त्वाचा नाही. वर्ष संपताना मुलाला १० ही संख्या 'दहा सुटे' आणि 'एक गठ्ठा' अशी दोन्ही रूपांत दिसली पाहिजे, आणि १० च्या आतल्या संख्या जोडता-तोडता आल्या पाहिजेत. एवढं पक्कं असेल तर बाकीचं मागून येतं. हे कच्चं राहिलं तर दुसरीत हातचा आला की सगळं डगमगतं.

आमचं मूल शंभरपर्यंत घडाघडा म्हणतं. म्हणजे त्याला संख्या आल्या ना?

संख्यांची नावं ओळीने म्हणता आली, एवढंच त्यावरून कळतं. ते गरजेचं आहे, पण कविता म्हणण्यासारखं आहे. मोजणं वेगळं. रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची पाच तत्त्वं मांडली. प्रत्येक वस्तूला एकच नाव द्यायचं. नावांचा क्रम बदलायचा नाही. शेवटी उच्चारलेली संख्या म्हणजे सगळ्या गटाची संख्या. मोजायची वस्तू कुठलीही चालते, टाळ्या आणि उड्यासुद्धा. आणि सुरुवात डावीकडून करा किंवा उजवीकडून, उत्तर तेच येतं.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. समोर पंधरा-वीस बटणं ठेवा आणि म्हणा, "मला सात दे." मूठभर उचलून देणाऱ्या मुलाचं मोजणं अजून पक्कं नाही. मोजून सात दिली तर विचारा, "ही किती आहेत?" पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटची संख्या सगळ्या गटाची असते हे अजून उमगलेलं नाही. मग तीच बटणं दूर दूर पसरून विचारा, "आता किती?" पसरल्यावर जास्त झाली असं पाच-सहा वर्षांच्या अनेक मुलांना वाटतं. ज्याँ पियाजे यांच्या प्रयोगांमुळे ही गोष्ट सर्वांना ठाऊक झाली. यावर रागावण्यासारखं काही नाही. बटणं जोडीजोडीने समोरासमोर लावायची, पसरायची, पुन्हा जुळवायची. असं बऱ्याचदा केलं की समज येते.

मोजताना चुका बहुधा बोटामुळे होतात. तोंड पुढे धावतं आणि बोट मागे राहतं, किंवा एकच वस्तू दोनदा मोजली जाते. मोजलेली वस्तू हाताने बाजूला सरकवायला शिकवा. निम्म्या चुका तिथेच थांबतात.

न मोजता, नुसतं बघून 'किती' सांगता आलं पाहिजे का?

हो. तीन-चार वस्तू बहुतेक मुलांना न मोजता कळतात. त्यापुढे मांडणीची मदत लागते. फाशावरचे पाच-सहा ठिपके त्यांच्या ठरावीक रचनेमुळेच चटकन ओळखू येतात. यासाठी दहाची चौकट फार उपयोगी आहे: पाच-पाच घरांच्या दोन ओळी. वरची ओळ भरायची, मग खालची. सात ठिपके असले की 'पाच आणि दोन' दिसतात, आणि 'दहाला तीन कमी' हेही दिसतं. चौकट दोन सेकंद दाखवून झाका आणि विचारा, "किती होते? कसं ओळखलंस?" दुसरा प्रश्न पहिल्याहून मोलाचा आहे.

दशक-एकक मुलांना का कळत नाही?

कारण 'एक' या शब्दाचा अर्थ इथे बदलतो. आजवर एक म्हणजे एक वस्तू होती, आता दहा वस्तूंचा मिळून 'एक दशक' झाला. सहा वर्षांच्या मुलासाठी ही मोठी उडी आहे. कागदावर 'द' आणि 'ए' असे दोन रकाने आखून ती उडी मारता येत नाही.

काड्या घ्या. मुलालाच २६ काड्या मोजू द्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा बांधू द्या, पुन्हा दहा, पुन्हा गठ्ठा. दोन गठ्ठे आणि सहा सुट्या. बांधून आणलेले गठ्ठे सुरुवातीला देऊ नका, कारण आत खरंच दहा आहेत हा विश्वास स्वतः बांधल्यानेच येतो. मग कागदावर २६ लिहून त्यातल्या २ वर बोट ठेवा आणि म्हणा, "एवढ्या काड्या दाखव." पुष्कळ मुलं दोन सुट्या काड्या उचलतात. दशकाची दहा-वीस पानं अचूक भरलेली मुलंही इथे चुकतात. दोन गठ्ठे उचलणाऱ्या मुलाला दशक समजलंय.

तुलनेतही हेच बाहेर पडतं. २९ आणि ३१ मध्ये ९ दिसला म्हणून २९ मोठी सांगणारं मूल आकडे बघतं, संख्या बघत नाही. दोन्ही संख्या गठ्ठ्यांनी मांडायला लावा.

दहाच्या नाण्यावर मात्र लगेच जाऊ नका. गठ्ठा सोडला की दहा काड्या दिसतात. नाण्यात दहा कुठेच दिसत नाहीत, ते मानून घ्यावे लागतात. गठ्ठ्यानंतर नाणी, हाच क्रम ठेवा.

'पंचवीस' सांगितलं की ५२ लिहिलं जातं. असं का?

कारण कानाला 'पंच' आधी ऐकू येतं आणि 'वीस' नंतर. मराठीत २१ ते ९९ मधल्या बहुतेक नावांत एकक आधी बोलतात आणि लिहिताना दशक आधी येतो. मूल जसं ऐकतं तसं लिहितं. म्हणजे त्याचा कान उत्तम आहे, फक्त क्रम सांगायला हवा.

त्यात 'एकोण'ची भर. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, पण मुलाला ऐकू येतं 'तीस', म्हणून ते ३९ लिहितं. १९ पासून ८९ पर्यंत हीच रीत चालते आणि ९९ ला मोडते: तिथे 'एकोणशंभर' नसून 'नव्याण्णव' आहे. शिवाय एकच आकडा दर दशकात नवं रूप घेतो. सात बघा: सत्तावीस, सदतीस, सत्तेचाळीस, सत्तावन्न, सदुसष्ट, सत्त्याहत्तर. आपल्या मुलांना शंभर नावं जवळजवळ सुटी सुटी शिकावी लागतात, तेव्हा त्यांना वेळ लागणारच.

उपाय असा. नावाची शेपटी ऐकायला शिकवा. 'वन्न' किंवा 'पन्न' ऐकलं की पन्नाशीतली संख्या, 'सष्ट' म्हणजे साठीतली, 'हत्तर' म्हणजे सत्तरीतली, 'ण्णव' म्हणजे नव्वदीतली. शेपटी ऐकून आधी तितके गठ्ठे मांडायचे, मग सुट्या काड्या, आणि शेवटी लिहायचं. काही आठवडे दोन्ही नावं जोडीने बोला: "बावन्न, म्हणजे पाच दशक दोन." एकोणच्या संख्यांना वेगळा दिवस द्या. तीस काड्या मांडा, एक काढून घ्या, आणि उरलेल्या २९ ना नाव द्या. एकदा हाताने काढून घेतली की 'एकोण' हा शब्द स्वतःच अर्थ सांगतो.

पंचवीस हे 'वीस-पाच' असं ऐकून २०५ लिहिणारी मुलंही असतात. त्यांना २० च्या कार्डावर ५ चं अर्धं कार्ड ठेवून शून्य झाकायला द्या. शून्याच्या जागी पाच बसतो हे डोळ्यांना दिसतं.

आकडे उलटे लिहिले जातात. काळजीचं आहे का?

या वयात नाही. आरशातल्यासारखं लिहिणं सात वर्षांच्या आसपासपर्यंत सर्रास दिसतं. देवनागरीत ३ आणि ६ ची विशेष गल्लत होते, कारण एकाचं तोंड डावीकडे आणि दुसऱ्याचं उजवीकडे. १ आणि ९ मध्येही गोंधळ होतो. पानभर गिरवून घेतलं तर चूकच पक्की होते. त्यापेक्षा पाटीवर किंवा हवेत, पूर्ण हात फिरवून, मोठ्या आकारात पाच-सहा वेळा काढू द्या आणि सुरुवातीच्या जागी ठळक ठिपका द्या. आकडा उलटा असला तरी गणित बरोबर असेल तर आधी उत्तर बरोबर असल्याचं सांगा.

बेरीज कोणत्या क्रमाने शिकवावी?

मुलं बेरजेपर्यंत ठरलेल्या पायऱ्यांनी येतात, आपण फक्त पुढची पायरी दाखवायची. सुरुवातीला मूल ५ आणि ३ साठी पाच वस्तू मोजतं, तीन मोजतं, मग सगळ्या पुन्हा एकपासून मोजतं. पुढे ते पाच मनात धरून 'सहा, सात, आठ' म्हणतं. त्यानंतर २ + ७ मध्ये सातापासून सुरुवात केली तर सोपं जातं हे त्याच्या लक्षात येतं. सगळ्यात शेवटी माहीत असलेल्या बेरजेवरून नवी काढता येते: ६ + ६ बारा, म्हणून ६ + ७ तेरा.

दुसऱ्या पायरीवर एक चूक हमखास होते. ६ + ३ साठी मूल 'सहा, सात, आठ' म्हणून ८ सांगतं, कारण त्याने सहाच पहिला धरला. अशा वेळी सहा वस्तू डब्यात झाका, डब्यावर ६ लिहा आणि तीन बाहेर ठेवा. डब्यावर हात ठेवून 'सहा' म्हणायचं, मग बाहेरची पहिली वस्तू उचलताना 'सात'. संख्यारेषेवरही (ओळीने संख्यांच्या खुणा केलेल्या रेषेवर) हीच चूक वेगळ्या रूपात येते: उडी मोजायची सोडून जिथे उभे आहोत ती खूणच पहिली मोजली जाते.

दहा ओलांडणारी बेरीज दहावर थांबून शिकवा. ८ + ५ साठी दोन चौकटी घ्या. पहिलीत आठ, दुसरीत पाच. पहिली भरायला दोन हवेत, ते दुसरीतून आणा. दहा आणि तीन, तेरा. इथे मुलाला दोन गोष्टी आधी येत असाव्या लागतात: आठाला दहा व्हायला किती कमी, आणि पाचाचे दोन-तीन कसे होतात. म्हणून दहाच्या जोड्या (१-९, २-८, ३-७, ४-६, ५-५) पहिल्या सहामाहीतच तोंडावर हव्यात.

बोटांवर मोजू द्यावं का?

जरूर द्यावं. बोटं हे पाच-पाचात विभागलेलं, कधीही न हरवणारं साधन आहे. बोटं बंद केली की मूल मनातल्या मनात एक-एक मोजतं, आणि आपल्याला ते दिसेनासं होतं, इतकंच. फक्त मूल बोटं कशी वापरतं ते बघा. सात दाखवताना दर वेळी एकपासून मोजत असेल, तर एक पूर्ण पंजा आणि दोन बोटं एकदम उघडायला शिकवा. दहाच्या जोड्या पक्क्या झाल्या की बोटं आपोआप मागे पडतात.

बेरजा पाठ कराव्या लागतात का? किती?

शून्य ते नऊ या आकड्यांच्या आपसांतल्या बेरजा शंभर होतात. ३ + ५ आणि ५ + ३ एकच हे कळलं की उरतात ५५. शून्याच्या १० सोडा, ४५ राहिल्या. एक मिळवणं म्हणजे पुढची संख्या: ९ गेल्या, ३६. दोन मिळवणं: आणखी ८ कमी, २८. दुपटी (३ + ३ ते ९ + ९) सात, उरल्या २१. दहाच्या जोड्यांपैकी ३ + ७ आणि ४ + ६ बाकी होत्या, त्या गेल्यावर १९. दुपटीला लागून असलेल्या, म्हणजे ३ + ४ ते ८ + ९, अशा ६ गेल्या की १३. नवाच्या पाच 'दहा धरून एक कमी' या रीतीने निघतात. शेवटी फक्त आठ बेरजा उरतात: ३ + ५, ३ + ६, ३ + ८, ४ + ७, ४ + ८, ५ + ७, ५ + ८ आणि ६ + ८.

हा क्रम धरला तर घोकंपट्टीची गरज फार थोडी उरते. वेळ लावून, घड्याळ समोर ठेवून बेरजा विचारणं पहिलीत टाळा. घाबरलेलं मूल रीत सोडून अंदाजाने उत्तर फेकायला लागतं.

वजाबाकी बेरजेपेक्षा अवघड का जाते?

एकाच चिन्हाला तीन अर्थ आहेत, आणि आपण बहुधा एकच शिकवतो. ९ मणी होते, ४ काढून घेतले: हे काढून घेणं. माझ्याकडे ९, तुझ्याकडे ४, माझ्याकडे किती जास्त: ही तुलना, यात काहीच काढून घेतलेलं नाही. ४ आहेत, ९ व्हायला किती हवेत: ही भर. तिन्ही ९ − ४ च आहेत. तुलनेसाठी दोन ओळी समोरासमोर लावाव्या लागतात, म्हणजे जोडी न मिळालेले मणी दिसतात. 'वजा म्हणजे जाणं' एवढंच शिकलेलं मूल तुलनेच्या उदाहरणात अडकतं आणि बेरीज करून मोकळं होतं.

मागे मोजणं मुलांना खरोखर अवघड जातं. १३ − ८ साठी तेरापासून आठ पावलं मागे जाण्यापेक्षा आठापासून पुढे जा: दहापर्यंत दोन, तिथून तेरापर्यंत तीन, एकूण पाच.

बरोबरच्या (=) चिन्हाकडे वेगळं लक्ष का द्यायचं?

कारण '=' म्हणजे 'आता उत्तर लिही' असं मुलं समजून बसतात. ३ + ४ = ☐ + २ दिलं तर ती रिकाम्या जागी ७ लिहितात. दोन्ही बाजू सारख्या असतात हे सांगण्यासाठी पहिलीपासूनच ७ = ५ + २, ६ = ६, २ + ५ = ४ + ३ अशा मांडण्याही दाखवा. तराजूच्या दोन पारड्यांत सारखे ठोकळे ठेवून दाखवलं तर लवकर कळतं.

शाब्दिक उदाहरणांत मूल सरळ दोन आकडे मिळवतं. काय करावं?

'एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी' असे शब्दांचे कायदे शिकवू नका. मीनाकडे ८ खडे आहेत, ते राजूपेक्षा ३ ने जास्त आहेत, तर राजूकडे किती? इथे 'जास्त' हा शब्द आहे आणि वजाबाकी करायची आहे. कायदा पाठ केलेलं मूल ११ सांगतं.

गोष्ट ऐकायची, आपल्या शब्दांत पुन्हा सांगायची, खडे मांडून करून बघायची, साधं चित्र काढायचं, आणि मगच आकडे लिहायचे. मधूनमधून आकडे नसलेलं उदाहरण द्या: "डब्यात काही मणी होते, मी थोडे आणखी टाकले. आता जास्त झाले की कमी?" आणि मुलाला ५ + ३ साठी स्वतः गोष्ट रचायला सांगा. त्याला क्रियेचा अर्थ कळला आहे का, ते यातून स्वच्छ दिसतं.

उभी मांडणी आणि हातचा पहिलीतच शिकवला तर बिघडतं का?

घाई केली तर बिघडतं. १२ + ५ उभं मांडताना ५ हा १ च्या खाली लिहिला गेला की उत्तर ६२ येतं, आणि त्यात काही चुकलं असं मुलाला वाटतही नाही. १३ − ८ उभं मांडलं की मूल आठातून तीन वजा करतं, एक खाली उतरवतं आणि १५ लिहितं. पहिलीत आडवी मांडणी, काड्या आणि संख्यारेषा पुरे. हातच्याची खरी तयारी म्हणजे दहा सुट्या झाल्या की गठ्ठा बांधणं आणि सुट्या कमी पडल्या की गठ्ठा सोडणं. ते हाताने भरपूर करू द्या.

पाढे?

दोन-दोन, पाच-पाच आणि दहा-दहाच्या टप्प्याने मोजणं एवढं पुरे. बुटांच्या जोड्या, हाताची बोटं, काड्यांचे गठ्ठे मोजत म्हटलं तर पुढे पाढ्यांना अर्थ येतो. मुलाला लयीत पाढे म्हणायला आवडत असतील तर अडवू नका, पण ते आले म्हणून मोजणं सोडू नका.

शून्याचं काय?

'काही नाही' हे रिकाम्या डब्याने दाखवा. पाच मणी एक-एक करून काढत जा आणि प्रत्येक वेळी आकडा लिहा: ५, ४, ३, २, १, ०. रिकाम्या डब्यालाही संख्या असते हे पाहून मुलांना गंमत वाटते. ७ − ० करताना काही मुलं ० लिहितात. डबा त्याचंही उत्तर देतो.

आकार, मापन आणि घड्याळ यांत काय सांभाळावं?

त्रिकोण नेहमी पायावर उभा आणि तिन्ही बाजू सारख्या असाच दाखवला तर उलटा किंवा लांबुडका त्रिकोण मुलं नाकारतात. चौरस तिरका केला की त्याला वेगळंच नाव देतात. म्हणून आकार फिरवून, लहान-मोठे करून दाखवा, आणि "हा त्रिकोण कशावरून?" असं विचारून बाजू मोजायला लावा.

लांबी आधी वीत, पाऊल, काडी यांनी मोजतात. मोजमापांत मध्ये फटी राहतात, काड्या एकमेकींवर चढतात, किंवा दोन वस्तूंची टोकं एका रेषेत नसतात. एकच फळा मोठ्या माणसाच्या वितीने सहा आणि मुलाच्या वितीने नऊ का भरतो, यावर बोला. ठरावीक मापाची गरज मुलं स्वतःच सांगतात.

घड्याळात आधी फक्त तास काटा असलेलं पुठ्ठ्याचं घड्याळ वापरा. काटा चारवर म्हणजे चार, चार आणि पाचच्या मध्ये म्हणजे चार वाजून गेलेत. मिनिट काटा नंतर जोडा. साडेचारला तास काटा अगदी चारवर काढणं ही नेहमीची चूक यामुळे टळते.

साहित्य किती लागतं आणि रोज किती वेळ द्यावा?

शंभर काड्या, दहा रबर, दोन रंगांची प्रत्येकी वीस बटणं, दोन फासे, पुठ्ठ्याच्या दोन दहाच्या चौकटी, ० ते २० ची कार्डं आणि एक लांब संख्यारेषा. लाल-पांढऱ्या मण्यांची पाच-पाचाने रंग बदलणारी वीस मण्यांची माळ ओवून ठेवली तर फारच छान. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्यात पाच मिनिटं तोंडी, पाच मिनिटं हाताने, आणि लिहिणं शेवटी. आठवड्यातून एकदा दीड तास बसवण्याने तेवढा उपयोग होत नाही.

चुकलेल्या उत्तरावर लगेच खूण करू नका. "कसं काढलंस?" एवढं विचारा आणि ऐका. बरोबर उत्तरालाही कधीकधी हेच विचारा, नाहीतर हा प्रश्न म्हणजे 'चुकलं' असा अर्थ मुलं लावतात.

कधी काळजी करावी?

वर्ष संपत आलं, रोज सराव झाला, तरीही दहा वस्तू मोजताना गडबड होते, फाशावरचे तीन-चार ठिपकेही दर वेळी मोजावे लागतात, ५ आणि ८ मधली मोठी संख्या सांगता येत नाही, किंवा काल आलेलं आज पूर्ण पुसलं जातं, असं सतत दिसत असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग शिक्षकांशी बोला आणि गरज पडल्यास अध्ययन-अडचणींच्या तज्ज्ञांना दाखवा. जाताना मुलाच्या चुकांची वही सोबत न्या. मूल कुठे अडकतं आणि काय सहज करतं, हे दोन्ही त्या पानांवरून तज्ज्ञांना समजतं.